आधी पूर्ण आवाज, मग लहान फाईल

नमस्कार श्रोतेहो,

कोल्हापुरात आवाज जपण्याचा विषय निघाला की मला उस्ताद अल्लादिया खाँसाहेब आठवतात. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातले हे गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष. पण त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. खाँसाहेब कसे गात असतील, हे मात्र आपण शिष्यांच्या गाण्यावरून ताडायचं.

आज आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा गल्लीतल्या भजनी मंडळाचा अभंग फोनवर सहज उतरवून घेता येतो. आणि अनेकदा आपणच तो आवाज पहिल्याच दिवशी अर्धामुर्धा करून ठेवतो. कसा, ते सांगतो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. यंत्र तो सेकंदाला हजारो वेळा मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. सीडीसाठी हा वेग ठरला सेकंदाला ४४,१०० मोजणी. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं झाली, तर तो जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ घरांत लिहिली जाते, त्यामुळं दाब किती ते लिहायला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डावा-उजवा दोन्ही बाजू धरून एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. डब्ल्यूएव्ही, म्हणजे वेव्ह फाईल, बहुधा अशी असते: सगळे आकडे, काहीही न वगळता.

पूर्वी एवढी जागा परवडत नव्हती, म्हणून एमपी३ आली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा तिच्यात मोठा वाटा आहे. कानाला जे ऐकू येणार नाही ते लिहायचंच नाही, हा तिचा विचार. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीपुढं हलगी कडाडत असताना शेजारचा हळू बोललेला कळत नाही ना? मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. एमपी३ असे झाकलेले आवाज हिशेबानं काढून टाकते. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट वापरून, फाईल सीडीच्या अकराव्या भागाएवढी होते. खरोखर बुद्धिमान काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. साध्या बोलण्याला तेवढं पुरतंही.

पण हलगीच्याच बाबतीत ती अडखळते. हलगीची थाप एका क्षणात शून्यावरून शिगेला जाते. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे करून हिशेब करते आणि जागा कमी दिली की त्या हिशेबातली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते. मग थापेच्या आधीच एक पुसट फरफर ऐकू येते आणि थापेची धार बोथट होते. टाळ, झांज आणि चिपळ्यांचंही तसंच: त्यांची किणकिण वरच्या पट्टीत असते आणि कमी केबीपीएसला पहिली कात्री तिथंच लागते. अभंग लावा आणि गायकाकडं लक्ष न देता फक्त टाळ ऐका. पाण्यातून आल्यासारखे वाटले, तर फाईल फार दाबलेली आहे.

गेलेलं परत येत नाही, हे नीट लक्षात घ्या. एमपी३ची वेव्ह करून घेतली तर फाईल फुगते, आवाज तेवढाच राहतो. एमपी३वरून पुन्हा एमपी३ केली तर दर वेळी थोडं आणखी जातं.

जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक वापरा. ती आकडे फक्त दाबून बांधते, एकही टाकत नाही. साधारण निम्म्या जागेत काम होतं आणि उघडल्यावर मूळ वेव्हचा आकडा न् आकडा परत मिळतो. म्हणून घरात ठेवायची प्रत वेव्ह किंवा फ्लॅक, आणि पाहुण्यांना पाठवायची एमपी३ किंवा तिच्यासारखीच दाबलेली एएसी. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून गाणं रेकॉर्ड केलं तर ते तिथंच दाबलं जातं. आधी रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये घ्या आणि तयार फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती आहे तशी पोचते.

९६ हजार, १९२ हजार मोजण्यांच्या फाईलींमागं मात्र धावू नका. तुम्ही मला एफएमवर ऐकत असाल तर तिथं १५,००० हर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही, तरी बोलणं स्वच्छ कळतंय. रेकॉर्डिंगसाठी ४८,००० आणि २४ बिट भरपूर झाले. २४ बिटांचा फायदा असा, की आवाजाची पातळी कमी ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करता येतं. पोवाड्यात शाहीर एकदम वर जातो. पातळी आधीच काठोकाठ असली तर त्या जागी आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य म्हणजे कमाल पातळी; आवाज सर्वांत मोठा होतो तिथंही त्या शून्याच्या खाली १० डेसिबल तरी मोकळे राहू द्या.

फॉरमॅटइतकीच खोलीही महत्त्वाची. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथं दोन-चार वाकळा अंथरा. फोन तोंडापासून दीड-दोन वितींवर, थोडा बाजूला ठेवा. एकटी आजी गाणार असेल तर मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा न करता एकच आवाज घ्या, जागा निम्मी लागेल.

जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण त्यांची फीत वर्षागणिक खराब होत चालली आहे. उतरवण्याआधी टेपरेकॉर्डरचं हेड साफ करा. उतरवून झाल्यावर फाईलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष लिहा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडं किंवा बहिणीकडं ठेवायला द्या.

नमस्कार.