दोन बादल्या पाणी
(टोमॅटोच्या रोपवाटिकेतलं पाणी: छोट्या माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: शेडनेट, पहाट. ट्रेच्या रांगा वरून.]

जुन्नर तालुका, नारायणगावचा पट्टा. इथला टोमॅटो शेतात जाण्याआधी २१ ते २५ दिवस इथे, काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वाढतो. एका ट्रेला १०४ कप्पे. एका कप्प्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, किती, तर चहाच्या पाच-सहा चमच्यांइतकं. जमीन पाण्याच्या बऱ्याच चुका पोटात घालते. इथे पोटच एवढंसं आहे.

[दृश्य: ट्रेच्या कडेवरचा पांढरा थर, अगदी जवळून. नख. लिंबाचा थेंब.]

हा थर पाहा. नखाने खरवडला की पिठासारखा सुटतो. लिंबाचा थेंब पडला की फसफसतो. म्हणजे हा चुना, बोअरच्या पाण्यातून आलेला. आपल्याकडच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. ट्रेच्या कडेला तो दिसतो तरी, मुळाशी दिसत नाही.

[दृश्य: दोन बादल्या शेजारी. एक शेततळ्याची, किंचित हिरवट. एक बोअरची, काचेसारखी.]

दोन्ही बादल्यांत दहा-दहा लिटर पाणी आहे. सामू, म्हणजे पीएच, पाणी किती आम्ल वा अल्क ते मोजू. शेततळं ८.६, बोअर ७.९. कोणीही म्हणेल, तळ्याचं पाणी वाईट.

वेळ दुपारची आहे. तळ्यातलं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून सामू चढतो. रात्रीतून पुन्हा उतरतो. बोअरचं उलटं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात तोच वायू कोंडलेला असतो, त्यामुळे उपसताक्षणी सामू कमी दिसतो. मीटर खोटं सांगत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं.

[दृश्य: दहा मिलीची सिरिंज. थेंब. मीटरवरचे आकडे.]

आता खरी परीक्षा. ९० मिली पाण्यात १० मिली फॉस्फरिक ॲसिड, ८५ टक्क्यांचं. आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा दिसतोच आहे. हे पातळ केलेलं ॲसिड सिरिंजने थोडं थोडं सोडायचं, ढवळायचं, मिनिटभर थांबायचं, सामू पाहायचा. ५.८ आला की थांबायचं, रोपाला तेवढा मानवतो.

तळ्याच्या पाण्याला लागलं आठ मिली.

बोअरच्या पाण्याला... आठ झाले, आकडा हटेना. पंधरा. वीस. पंचवीस मिलीला कुठे ५.८.

सामू किती, यापेक्षा तो खाली यायला किती अडून बसतो, हे महत्त्वाचं. त्या अडून बसण्याला क्षारता म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात 'बायकार्बोनेट' अशी ओळ असते, ती आधी वाचावी. या तळ्याच्या पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम आहे, बोअरमध्ये ३००. अहवाल नसेल तर ही बादली पुरते. सिरिंजने गेलेल्या मिलीला दहाने गुणलं, की हजार लिटरच्या टाकीला लागणाऱ्या मूळ ॲसिडचे मिली मिळतात. बोअरला २५०.

पण ते सगळं फॉस्फरिकच ओतू नये. अडीचशे मिलीतून लिटरमागे शंभराहून जास्त मिलिग्रॅम स्फुरद जातं. एवढ्याशा रोपाला त्याच्या दहाव्या हिश्शातही भागतं. जादा स्फुरद कॅल्शियमला धरून साका करतं, ड्रिपरही तुंबतो. म्हणून इथे हजार लिटरला ३० मिली फॉस्फरिक आणि उरलेलं काम नायट्रिकला: ६० टक्क्यांचं साधारण २५० मिली. त्यातून लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नत्रही जातं, म्हणून विद्राव्य खतातलं नत्र तेवढं कमी धरायचं. ते कमी केलं नाही तर रोप लांबुळकं होतं, लावणीला मान टाकतं.

[दृश्य: टाकी, संध्याकाळ. मीटर: ६.६.]

सकाळी ५.८ केलेली टाकी संध्याकाळी ६.६ दाखवते. इथे बहुतेक जण पुन्हा ॲसिड ओततात. गरज नसते. ॲसिडने बायकार्बोनेट मोडून झालेला वायू दिवसभरात उडतो आणि सामू थोडा वर येतो. क्षारता मात्र मोडलेलीच असते.

[दृश्य: मीटरचा काचेचा फुगा, जवळून.]

मीटरही बिघडतो. आठवड्यातून एकदा ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक सामूच्या द्रावणात, जुळवून घ्यायचा. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ठेवायचं. आरओच्या पाण्यात बुडवून ठेवला की फुगा हळूहळू निकामी होतो. कोरडा ठेवणं त्याहून वाईट.

[दृश्य: कोकोपीटची वीट फुगताना. तपकिरी पाणी निथळताना.]

पाण्याइतकाच दोष विटेचाही असतो. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम चिकटून असतं, नुसत्या पाण्याने ते सगळं निघत नाही. पाच किलोच्या विटेला २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, रात्रभर. कॅल्शियम त्यांची जागा घेतं. मग निथळणाऱ्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप, आपल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवायचं. एवढं सोडून लोक बाजारातून टॉनिक आणतात, ते वेगळंच.

[दृश्य: बाराव्या दिवसाचं रोप. नवं पान पिवळं, शिरा हिरव्या.]

नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, म्हणजे लोह मिळत नाही. बहुतेकदा लोह असतं, सामू साडेसहाच्या वर गेलेला असतो. लोह विरघळलेलं धरून ठेवायला ईडीटीए, डीटीपीए अशी रसायनं असतात. ईडीटीएतलं लोह साडेसहाच्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत साथ देतं. उलट सामू पाचच्या खाली गेला तर मॅंगनीज अंगावर येतं, कॅल्शियम कमी पडतं.

[दृश्य: कप्प्यातली चेंडी अंगठ्याने दाबली जाते. थेंब वाटीत.]

टाकीचा सामू पाहून गाडी पुढे नेऊ नये. पाणी दिल्यावर तासाभराने चेंडी, म्हणजे मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा, अशी दाबायची आणि गळालेले थेंब मोजायचे. मुळं याच पाण्यात आहेत. इथे ६.१ आहे. साडेपाच ते साडेसहा, एवढी जागा आहे.

जुने ट्रे हायपोक्लोराइटने धुतात. त्या बादलीजवळ ॲसिड आणायचं नाही. क्लोरीन वायू निघतो.

[दृश्य: टाकीच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं '२५०'. ओल्या फडक्याने पुसलं जातं.]

चैत्रात बोअरची पातळी उतरते आणि त्याच पंपातून वेगळं पाणी येतं. बादली पुन्हा भरली आहे. सिरिंज अठ्ठाविसावर आहे, सामू अजून ६.३.