बेटावरचा दयाळ

मंडळी, दयाळ तुमच्या ओळखीचा आहे. उन्हाळा लागला की भल्या पहाटे निंबाच्या शेंड्यावर बसून शीळ घालतो, तो काळा-पांढरा पक्षी. त्याचा एक चुलतभाऊ हिंदी महासागरात सेशेल्सच्या बेटांवर राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

हा आपल्या दयाळापेक्षा थोराड. नर-मादी दोघंही निळसर झाक असलेले काळे, पंखावर तेवढा पांढरा पट्टा. आपल्या दयाळाची मादी चार-पाच अंडी घालते, तिकडची बहुधा एकच. ते गेलं की विणीची ती खेप वाया.

त्याचं पोट भरतं जमिनीवर. झाडाखालच्या पाचोळ्यात किडे, झुरळं, गोगलगायी, छोटे सरडे वेचतो. तिथली महाकाय कासवं जड पाय टाकत पाचोळा तुडवत निघाली, की हा मागोमाग उड्या मारत जातो आणि उघडा पडलेला किडा टिपतो. माणूस पानं झाडायला लागला तर त्याच्याही पायाशी येतो. हजारो वर्षं त्या बेटांवर मांजरासारखं जमिनीवरून झडप घालणारं जनावरच नव्हतं, मग भीती शिकणार कुठून?

माणसांबरोबर मांजरं आली, उंदीर आले, नारळाच्या बागांसाठी जंगल तुटलं. 1960च्या दशकात फ्रेगेट नावाच्या एकाच बेटावर जेमतेम डझनभर पक्षी उरले. ते बेट केवढं? दोन चौरस किलोमीटरच्या जरासं वर. आपल्याकडच्या कितीतरी गावांचं शिवार त्याहून मोठं आहे.

मग जे काम झालं ते मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात चमत्कार काहीच नाही. 1980च्या दशकात फ्रेगेटवरची मांजरं संपवली. 1990 पासून पद्धतशीर मोहीम सुरू झाली: जादा खाणं, घरट्यांसाठी पेट्या, देशी झाडांची लागवड. सगळे पक्षी एकाच बेटावर ठेवणं धोक्याचं, म्हणून काही जोड्या कुझाँ, कुझीन, पुढे आरीद आणि डेनिस या बेटांवर नेल्या. ती भीती खरी ठरली. 1995 मध्ये फ्रेगेटवर उंदीर पोचले. 2000 मध्ये विष टाकून ते संपवले, पण त्याआधी तिथले दयाळ पकडून पिंजऱ्यात सांभाळले, म्हणजे विष त्यांच्या पोटात जायला नको. 2005 मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’मध्ये आला. धोका टळला नाही, पण आज त्याची संख्या शेकड्यांत मोजता येते.

आता आपल्या मोहाच्या झाडाखालचं बोलू. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा आपण पेटवतो. पोटाचा प्रश्न आहे, मला कळतं. पण दयाळाची वीण नेमकी त्याच दिवसांत सुरू होते, आणि पिल्लांना भरवायचे किडे त्याच पाचोळ्यात असतात. वणवा लागतो तो वेगळाच. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात, मातीही लागत नाही. यंदा निदान गावाजवळच्या चार झाडांखाली करून पाहा. आणि जुना बुंधा, ढोली असलेला, सरपणासाठी तोडू नका. दयाळ घरटं बहुधा अशाच ढोलीत करतो.