आधी ओठ, मग नथ
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[पहाट. कोल्हापूर. मंगळवार पेठेतील कौलारू घर. आतल्या खोलीतून खुर्ची बाहेर आणली जात आहे.]

या लग्नघरातला सर्वांत मोठा आरसा आतल्या खोलीत आहे आणि त्याच्यावर नवी ट्यूबलाइटही लावलेली आहे. तरीही नवरीचा मेकअप करायला आलेल्या ताईंनी खुर्ची उचलून पूर्वेकडच्या खिडकीपाशी आणून ठेवली आहे. लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा आहे आणि नवरीला दहा वाजेपर्यंत कार्यालयात पोचायचे आहे. हाताशी साडेतीन तासांहून अधिक वेळ नाही, पण त्यातली पहिली पंधरा मिनिटे ताईंनी एकही डबी न उघडता नुसते पाहण्यात घालवली, आणि आमच्या मते त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम याच पंधरा मिनिटांत झाले.

[नवरीचा चेहरा, जवळून. खिडकीतला उजेड हळूहळू वाढतो.]

नवरी सावळी आहे. काल सायंकाळी तिला हळद लागली. आंघोळीनंतरही कपाळाच्या कडेला, जिवणीच्या कोपऱ्यांत आणि पापण्यांच्या घडीत त्या हळदीची पिवळसर झाक उरली आहे. लिपस्टिकची किंवा आयशॅडोची एखादी छटा आठवड्यापूर्वीच्या ट्रायलमध्ये कितीही शोभून दिसली असली, तरी आज ती या पिवळेपणाच्या शेजारी बसणार आहे, आणि गुलाबीत निळसरपणा असेल तर तो इथे डोळ्यांना खुपेल. ट्यूबलाइटच्या उजेडात ही झाक लपते. खिडकी म्हणूनच हवी होती.

तिच्या वरच्या ओठाचा रंग खालच्या ओठापेक्षा गडद आहे. आपल्याकडच्या असंख्य माणसांचे ओठ असे दुरंगी असतात आणि त्यात दोष काहीच नाही. तिच्या पापण्यांची घडी खोल आहे, त्यामुळे डोळा उघडला की पापणीवरचा बराचसा भाग आत जातो. शिवाय तिला चष्मा आहे, मायनस नंबरचा, आणि लग्नातही तो घालायचा असे तिने पक्के ठरवले आहे. घरातल्या एक-दोन वडीलधाऱ्या बायकांना हे पटलेले नाही. ताईंनी मात्र चष्मा मागून घेतला, तिच्या डोळ्यांवर ठेवून समोरून आणि बाजूंनी नीट पाहिला आणि मगच पेटी उघडली.

[पेटी उघडते. रंगांच्या ताटल्या, ब्रश, पुसण्याचे कागद.]

मायनस नंबरच्या काचेतून डोळे असतात त्याहून लहान दिसतात. लाइनरची रेघ किती जाड हवी, पापण्यांच्या केसांना किती उठाव द्यायचा, हे त्यामुळे काचेतून पाहूनच ठरवावे लागते. चिकटवायचे लांब केस मात्र चालत नाहीत. ते काचेला आतून घासतात आणि थोड्या वेळाने काचेवर मस्काऱ्याचे ठिपके उमटतात. ताईंनी खोट्या केसांची डबी पेटीतून बाहेरही काढली नाही. नवरीच्या स्वतःच्या पापण्यांचे केस चिमट्याने वर वळवून त्यांना मस्काऱ्याचा पातळ हात, तो सुकल्यावर दुसरा पातळ हात, आणि खालच्या केसांना जवळजवळ काहीच नाही, एवढेच त्यांनी योजले आहे.

[पापणीवर ब्रश फिरतो. दीर्घ दृश्य.]

डोळ्यांचे काम चेहऱ्याच्या बेसच्या, म्हणजे सगळ्या चेहऱ्यावर द्यायच्या रंगाच्या, आधी सुरू झाले आहे. आयशॅडोची पूड कितीही जपून लावली तरी तिचे कण गालावर सांडतात. गाल कोरा असला तर ते मऊ ब्रशने झटकता येतात, बेस लागलेला असला तर तिथेच चिकटून डाग पडतात. आधी पापणीवर रंग धरून ठेवणाऱ्या प्रायमरचा पातळ थर दिला, कारण पापणीची कातडी तेलकट असते आणि घडीत रंग गोळा होऊन रेघ उमटते. मग चकाकी नसलेला, भाजलेल्या विटेसारखा तपकिरी रंग ताईंनी घडीत न लावता घडीच्या किंचित वर लावला आणि तोही नवरीला डोळे उघडे ठेवायला सांगून. डोळा मिटलेला असताना ही जागा चुकल्यासारखी वाटते. पण घडी खोल असलेल्या डोळ्यांत रंग घडीतच भरला तर डोळा उघडताच तो दिसेनासा होतो, म्हणून जिथे दिसणार आहे तिथेच तो भरायचा.

ब्रशची हालचाल पाहण्यासारखी आहे. कारच्या काचेवरचा वायपर जसा एकाच कमानीत जातो आणि येतो, तसा तो बाहेरच्या कोपऱ्यापासून आत आणि पुन्हा बाहेर जातो. प्रत्येक फेरीत रंग थोडा विरतो आणि कड नाहीशी होते. कड दिसत असेपर्यंत ताई नवा रंग घेत नाहीत. बाहेरच्या कोपऱ्यात जांभळाकडे झुकणारा गडद तपकिरी आला, आणि शेवटी पापणीच्या मधोमध जुन्या सोन्याच्या चकाकीचा एक ठिपका आला, तोही ब्रशने नव्हे, अनामिकेच्या टोकाने दाबून. चकाकीची ही पूड बहुधा अभ्रकाची असते. ब्रशने ती उडते, बोटाच्या उबेने मात्र बसते.

हा ठिपका मधोमधच का, याचे कारण अंतरपाट. मंगलाष्टका चालू असताना नवरी खाली पाहत उभी असते, आणि समोरच्या माणसांना किंवा कॅमेऱ्याला तिचे डोळे दिसत नाहीत, दिसतात त्या तिच्या पापण्या. आपल्या लग्नांतला नवरीच्या मेकअपचा सर्वांत जास्त वेळ पाहिला जाणारा भाग कोणता असेल, तर तो मिटल्यासारख्या पापणीचा मध्य. दुसऱ्या प्रांतांतल्या वधूंचे फोटो दाखवून तस्सेच करून मागणाऱ्या मुलींना हे समजावून सांगावे लागते, असे ताई म्हणाल्या.

[खरी कॉर्नर. कॅमेरा स्तंभ. रस्त्यावरची सकाळची वाहने.]

चेहऱ्याचा रंग कोणत्या प्रकाशात आणि कोणासाठी पाहायचा, हा प्रश्न या शहराला नवा नाही. खरी कॉर्नरचा हा कॅमेरा स्तंभ त्याची साक्ष देतो. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही याच गावात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मूकपटांच्या आरंभीच्या काळात वापरात असलेल्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. ओठांना लाल रंग लावला तर पडद्यावर ते काळे उमटत आणि गालांवरची लालीही डागासारखी दिसे. त्या काळी नटांचे चेहरे रंगवणाऱ्यांना, समोर उभ्या माणसाला विचित्र वाटेल असा रंग निवडावा लागे, कारण तो निवडायचा होता फिल्मच्या डोळ्यांसाठी. तांबडा रंगही टिपणारी फिल्म रुळल्यावर ही अडचण गेली. आज ताईंच्या समोर मात्र एकाच दिवसात तीन वेगळे प्रकाश आहेत: खिडकीतले ऊन, कार्यालयातले पांढरे दिवे आणि व्हिडिओवाल्याचा डोळे दिपवणारा एलईडी.

[घर. आज्जीच्या हातात तांब्याची वाटी.]

नवरीच्या आज्जींनी रात्री काजळ धरले आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी टेकवून ठेवायची, वात मंद ठेवायची, सकाळी वाटीला धरलेली काजळी बोटाने खरवडून घ्यायची आणि तुपाच्या थेंबात खलायची, अशी ही साधी रीत आहे.

[आज्जींचे बोट. काजळी. तुपाचा थेंब. इथे निवेदन नाही.]

हे काजळ ताईंनी डोळ्यांत घातले नाही. पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांच्या आतल्या ओल्या रेघेत, तेलग्रंथींची बारीक तोंडे असतात. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात आणि डोळ्यांतले पाणी लवकर सुकू नये म्हणून तेल सोडत असतात. काजळीच्या कणांनी आणि तुपाने ही तोंडे बुजू शकतात. डोळ्यांसाठी त्यांनी पाण्याने न पसरणारी पेन्सिल घेतली आणि ती केसांच्या मुळांशी, मुळांच्या मधल्या फटी भरत, ओल्या रेघेच्या बाहेरून फिरवली. घरचे काजळ त्यांनी आज्जींच्या हाती परत दिले आणि आज्जींनी ते नवरीच्या कानामागे लावले.

[तीट. नवरी हसते.]

ब्रश आणि पेन्सिली प्रत्येक चेहऱ्यानंतर धुतल्या-पुसल्या नाहीत, तर एकीच्या डोळ्यांचा संसर्ग दुसरीला होतो, आणि उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनंतर टाकून द्यायचा असतो.

[लिपस्टिकच्या पाच नळ्या. शालूचा पदर.]

आता ओठ. शालू मोरपंखी आहे आणि काठ डाळिंबी. घरातून एकमुखाने सूचना आली की लिपस्टिक काठाच्या रंगाची हवी. ताईंनी पाच नळ्या पदरावर मांडल्या, पण पदराकडे पाहून त्यांतली एकही निवडली नाही. रंग त्या मनगटावरही तपासत नाहीत. नवरीच्या बोटांच्या टोकांवर तपासतात, कारण तिथल्या कातडीचा रंग ओठांच्या रंगाला अधिक जवळचा असतो. फिकट गुलाबी बोटावर राखाडी दिसला. तयार लिपस्टिकच्या जाहिरातींत ज्याला ओठांचाच रंग म्हणतात, तो गोऱ्या ओठांचा रंग असतो, आणि सावळ्या चेहऱ्यावर तो माती फासल्यासारखा दिसतो. हे इतक्या वर्षांत इतक्या मुलींच्या बाबतीत घडताना पाहूनही तीच नळी पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. डाळिंबीत निळेपणा अधिक होता, तो हळदीशेजारी टिकला नाही. उरले दोन: वीटकरी लाल आणि पिकलेल्या करवंदाचा गडद रंग. वीटकरी ठरला.

नेमके त्याच वेळी मावशींनी विचारले, की बेस थोडा उजळ घेतला तर ओठ अधिक उठून दिसणार नाहीत का. ताईंनी बेसची बाटली नवरीच्या गळ्याशी धरून दाखवली. बेसची छटा गळ्याच्या कातडीत विरून गेली होती. यापेक्षा उजळ घेतला तर गळ्यावर कोल्हापुरी साज आणि ठुशी चढल्यावर त्यांच्या वरचा चेहरा एका रंगाचा आणि खालचा गळा दुसऱ्या रंगाचा दिसेल. मावशींचे समाधान झाले की नाही, ते चित्रात दिसतेच.

[ओठ, अगदी जवळून.]

ओठांच्या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलग्रंथीही नसल्यातच जमा असतात. म्हणून ओठ स्वतःला ओलसर ठेवू शकत नाहीत आणि सुकले की त्यांची साले निघतात. काम सुरू करतानाच ताईंनी त्यांवर मलम लावून ठेवले होते, ते आता कागदाने पूर्ण टिपले. वरच्या गडद ओठावर नारिंगी करेक्टरचा अगदी झिरझिरीत हात दिला. काळसर निळेपणाला नारिंगी रंग मारतो आणि दोन्ही ओठांवर लिपस्टिकची छटा सारखी उतरते. डोळ्यांखालच्या काळेपणावरही हाच रंग, हेच कारण. मग लिप लायनरने वरच्या ओठाच्या मध्यभागी एक लहान फुली काढली. त्या फुलीचे वरचे दोन हात म्हणजे ओठाच्या कमानीची दोन टोके. तिथून कोपऱ्यांकडे न जाता रेघ कोपऱ्यांतून मध्याकडे आणायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. ओठांच्या बाहेर ताई रेघ नेत नाहीत.

ब्रशने लिपस्टिकचा पहिला थर. मग कागद ओठांत दाबून टिपणे, कागदाचा एकच पदर ओठांवर धरून वरून पावडरचा ब्रश फिरवणे, आणि पुन्हा दुसरा थर. नळीतल्या या कांडीत मेण, रंग आणि तेल असते, आणि ते तेल बऱ्याचदा एरंडेलच असते. रात्री आज्जींच्या दिव्यात जळत होते तेच.

[नथ. मोती वरच्या ओठाला टेकतात.]

हे सारे टिपणे आणि पावडर नथीसाठी आहे. नथीचे मोती वरच्या ओठाच्या डाव्या भागावर टेकतात, बोलताना घासतात, आणि ओली, चमकदार लिपस्टिक असेल तर तासाभरात मोती लाल होतात आणि ओठ तेवढ्याच जागी कोरा पडतो. म्हणून लिपस्टिक मॅट हवी, आधी ओठ रंगवायचे, ते पुरते बसू द्यायचे आणि मगच नथ घालायची. घाईच्या घरांत आधी दागिने चढतात आणि मग मोत्यांखालून ब्रश घालत बसावे लागते. ताईंनी नथ घालण्याआधी घड्याळाकडे पाहून पाच मिनिटे कोणालाही नवरीशी बोलू दिले नाही.

[पाच मिनिटे. खोलीतली माणसे. इथे निवेदन नाही.]

मुंडावळ्या सर्वांत शेवटी बांधल्या. त्यांच्या सरी डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी लोंबतात, म्हणून लाइनरचे शेपूट आधीच आखूड ठेवले होते. चष्म्याच्या काड्या मुंडावळ्यांच्या दोऱ्याखालून गेल्या. ताईंनी एका लहान डबीत लिपस्टिक खरवडून भरली, सोबत ब्रश दिला आणि करवलीला बजावले, “जेवल्यावर आधी टिप, मग लाव. वरच्यावर थापू नको.”

[कार्यालय. लाजाहोमाचा धूर. अंतरपाट. पाठवणी.]

होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी आले आणि पेन्सिलची रेघ जागची हलली नाही. घास भरवताना ओठांचा मध्य गेला, तो करवलीने सांगितल्याप्रमाणे भरला.

[पाठवणी पुढे चालू. इथे निवेदन नाही.]

[मंगळवार पेठ. सायंकाळ. मोरीत ब्रश धुतले जात आहेत.]

ताई ब्रश बेबी शाम्पूने धुतात, केसांची टोके खाली करून निथळू देतात आणि आडवे ठेवून सुकवतात, कारण उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरते आणि गोंद सुटतो. वीटकरी नळीचे टोक त्यांनी स्पिरिटने पुसून वरचा थर काढून टाकला. उद्या पहाटे चार वाजता त्यांना पन्हाळ्याजवळच्या एका गावी पोचायचे आहे. तिथल्या नवरीने फोनवर आपल्या शालूचा रंग कळवला आहे. ताईंनी तिला उलट विचारले आहे, की घराच्या कोणत्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे.