दार किलकिलं

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? तो कोपऱ्यातला पंखा तेवढा बंद करा कुणीतरी. जानेवारी आहे, नाशिक आहे, आणि समोर बसलेल्यांत निम्म्या कानटोप्या आहेत.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'हिवाळ्यातील श्वानसंगोपन: आहार, आरोग्य आणि निगा'. हे बारसं माझं नाही. फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की आमच्या घरच्या कुत्र्यांबद्दल चार शब्द बोलीन. त्याचं हे झालं. पण छापलंय म्हटल्यावर तेही सांगतो. आहार आहे, आरोग्य आहे, सगळं शेवटी घेतो. पाऊण तास आहे ना? मग भरपूर आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. घरात सध्या आम्ही दोघं आणि दोन कुत्री, खंड्या आणि बानू. दोन्ही गावठी. गावठी कोंबडीला भाव आहे, गावठी तुपाला तर विचारूच नका, फक्त कुत्रं गावठी म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. 'दत्तक घेतलीत का?' असं हल्ली विचारतात. चांगला शब्द आहे. फोडून बघा, त्यात दत्त आहे, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. माझ्याकडे निम्मीच. पण दत्तक म्हटलं की मला डलहौसी आठवतो. भूगोलाच्या मास्तराला इतिहासही शिकवावा लागतो, त्यामुळे साताऱ्याचा दत्तक नामंजूर, १८४८, राज्य खालसा, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलंय. आमच्या सोसायटीनेही माझे दोन्ही दत्तक नामंजूर केले. राज्य तेवढं खालसा करता आलं नाही, कारण फ्लॅट बायकोच्या नावावर आहे.

(हशा)

हसू नका, तीन पत्रं आली आहेत. तिसरं पत्र जिन्याखाली मी गोणपाट घालतो त्याबद्दल. ते घरच्या कुत्र्यांसाठी नाही, गल्लीतल्या दोघांसाठी. मी म्हटलं, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आहेत केंद्र सरकारचे, त्यातला विसावा नियम वाचा. रस्त्यावरच्या प्राण्यांच्या खाण्याची सोय रहिवासी संघटनेने करायची आहे. चेअरमन म्हणाले, खाण्याची ना? गोणपाट खातात का ती? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर होतं, खातात. एक तर अर्धं खाल्लं होतं.

असो. बानूकडे येतो. आणि बानूकडे यायचं तर भाद्रपदातून यावं लागतं.

'भाद्रपदातली कुत्री' हे आपण कुणाला तरी हिणवायला म्हणतो. बायका बसल्यात, जास्त खोलात जात नाही. पण त्या दोन शब्दांत अख्खं पंचांग आहे. पावसाळा उतरणीला लागला की आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्या माजावर येतात. गर्भ पोटात असतो त्रेसष्ट दिवसांच्या आसपास. आता बोटांवर मोजा. भाद्रपदात दोन महिने मिळवले की कार्तिक, थोडं पुढेमागे धरलं की मार्गशीर्ष. म्हणजे पिल्लं जन्माला येतात ती ऐन थंडीच्या तोंडावर. आणि नवजात पिल्लाला पहिले काही दिवस कुडकुडतासुद्धा येत नाही. आपण कुडकुडतो म्हणजे स्नायू हलवून ऊब तयार करतो. त्याला ती सोय नाही. आई आणि भावंडं हीच शेगडी. म्हणून ती ढीग करून झोपतात. आई अन्न शोधायला गेली, ढीग विस्कटला, एक बाजूला घरंगळलं, की सकाळी ते गार.

बानू अशाच एका ढिगातली. पाचांतली एक उरली. साताठ महिन्यांची असताना एका बांधकामावरच्या गाळ्यात शिरली, आणि कुणीतरी शटर ओढून निघून गेलं. बघून ओढलं की न बघता, देव जाणे. तीन दिवसांनी रंगाऱ्याने शटर वर केलं तेव्हा ती रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे होती. जखमी प्राणी उचलून आणणारी काही पोरं आमच्या ओळखीची आहेत, त्यांनी ती आणली, लसी झाल्या, नसबंदीचं ऑपरेशन झालं, त्याची खूण म्हणून कानाला खाच आली, आणि आमच्याकडे आली. जुलै महिना होता.

ती आली ती एका अटीवर. दार बंद करायचं नाही. बाहेरच्या ग्रिलला कुलूप लावा, त्याला तिची ना नाही, आरपार दिसतं. पण आतलं लाकडी दार लागलं, की तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो कुत्र्याचा नव्हे. मी तो करून दाखवणार नाही. शेजारच्या आजी एकदा स्वयंपाक टाकून पळत आल्या होत्या.

पावसाळ्यात दार उघडं राहिलं तर बिघडत नाही, डास तेवढे येतात. नोव्हेंबरच्या अखेरीस पारा उतरायला लागला. माझ्या गॅलरीत किमान-कमाल तापमापक आहे, शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेला. पहाटे बाहेर ९, आमच्या हॉलमध्ये १४. निफाडला पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या, शेतकरी हात शेकतोय. घडांना गारठा लागला की मणी तडकतात, म्हणून बिचारे रात्रभर धूर करत बसतात. आमच्या हॉलचा फोटो काही कुणी छापला नाही. तिथेही दोन मणी तडकायच्या बेतात होते. ही अंगावर दोन शाली घेऊन मालिका बघायची आणि जाहिरात लागली की म्हणायची, "तुमच्या लेकीला विचारा, आता लावू का?"

लेक उंबरठ्यावर. नाक ग्रिलला, शेपूट घरात. हिरण्यकशिपूला मांडीवर घ्यायला नरसिंह जिथे बसला, अगदी तिथे. घरात नाही, बाहेरही नाही. आणि खाली गार फरशी. हॉलमध्ये हिच्या आईच्या लुगड्यांची चांगली जाड गोधडी अंथरलेली, तिच्यावर खंड्या ऐसपैस घोरतोय, आणि बानू उंबऱ्यावर कुडकुडतेय. गोधडी उंबऱ्याशी नेली तर उठून गोधडीच्या पलीकडे बसली. गोधडीवर बसलं आणि डोळा लागला तर? तेवढ्यात कुणी दार लावलं तर? हा हिशेब तिने कधी बोलून दाखवला नाही, पण मी मास्तर आहे, शेवटच्या बाकावरच्यांचा हिशेब मला कळतो.

मग मी फूटपट्टी काढली. १ डिसेंबर, दाराची फट ९ इंच. वहीत नोंद. आठवड्याला एक इंच कमी करायचं, तिला कळू न देता. दार सरकू नये म्हणून आधी माझी कोल्हापुरी आडवी लावली. ती खंड्याने खाल्ली. मग खलबत्त्यातला बत्ता लावला. त्यामुळे दीड महिना आमच्या चहात आलं अख्खं पडायचं, कारण बत्ता ड्यूटीवर. ८ इंच, ७, ६. पाहुणे आले की विचारायचे, दार नीट लागत नाही का, सुतार पाठवू? एकाने खरंच पाठवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फट ३ इंच. मी खूश. संक्रांतीला वारा सुटला, पोरं गच्चीवर ओरडतायत, आणि कुणीतरी, म्हणजे मीच, हलव्याची वाटी घेऊन जाताना बत्त्याला पाय लागला. दार धाडकन आपटलं. बानू पलंगाखाली. दीड दिवस. पाणी नाही, अन्न नाही. हिने पलंगाखाली हात घालून गुळाच्या पोळीचा तुकडा धरला, तासभर धरला, हाताला मुंग्या आल्या. १६ तारखेला वहीत पुन्हा लिहिलं: ९ इंच.

पुन्हा आठवड्याला एक. आणि ज्या रात्री ते दार पहिल्यांदा पूर्ण लागलं आणि ती गोधडीवर झोपून राहिली, ती रात्र होळीची. आपण लहानपणी म्हणायचो ना, होळी जळाली, थंडी पळाली? बरोबर तेव्हा. अख्खा हिवाळा दार उघडं ठेवून काढला आणि उकडायला लागल्यावर दार लागलं.

हे मी का सांगतोय? रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या पहिल्या हिवाळ्यात लोक आधी बाजारात जातात. गादी आणतात, स्वेटर आणतात, हीटर लावतात, आणि मग तक्रार, की एवढं केलं तरी येऊन बसत नाही. अहो, ऊब ही बंद जागेतच असते. आणि बंद जागा म्हणजे काय, हे त्या कुत्र्याने तुमच्या आधी बघितलेलं असतं. आता बानूचा तिसरा हिवाळा चाललाय. दार रोज लागतं. फक्त रात्री साडेदहाला एकदा ते उघडून दाखवावं लागतं. ती येते, बाहेर बघते, कडी वर आहे की नाही ते बघते असं मला वाटतं, आणि जाऊन गोधडी पंजांनी उकरून, तीनदा गोल फिरून झोपते. न दाखवता झोपलो तर साडेअकराला माझ्या उशीशी उभी.

स्वेटरवरून आठवलं. एका स्नेह्यांनी खंड्यासाठी प्रेमाने स्वेटर विणून दिला, चार बाह्यांचा. खंड्याला पाय तीन. एक बाही लोंबायला लागली, ती बानूने धरली आणि खेचली. संध्याकाळपर्यंत स्वेटरचा परत गुंडा झाला होता. त्या स्नेही आज इथे आल्या असतील तर माफ करा, आम्ही धुवायला टाकलाय असं सांगितलं होतं.

आणि कवडसा! तो राहिलाच. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा आपल्या नाशिकला सूर्य किती वर येतो? आपला अक्षांश २०. नव्वदातून वीस आणि साडेतेवीस वजा करा. साडेसेहेचाळीस अंश. म्हणजे निम्म्या आभाळापर्यंत, तोही दक्षिणेकडून. म्हणून उन्हाळ्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पाऊलभरही आत येत नाही, तिथून हिवाळ्यात ते थेट हॉलमध्ये उतरतं. पृथ्वीचा आस कलला आहे हे मी पोरांना पृथ्वीगोल फिरवून फिरवून शिकवलं, निम्म्यांना कळलं नाही. खंड्याला कळलंय. सकाळी तो शोकेसपाशी, बाराला जेवणाच्या टेबलाखाली, तीनला टीव्हीसमोर. फरशीवर तीन पायांनी घसरत घसरत तो कवडशाच्या मागे सरकतो. मी घड्याळ बघायचं सोडून दिलंय. खंड्या टेबलाखाली आला, की ही कुकर...

काय? चिठ्ठी? पाच मिनिटं? मला वाटलं अजून वीस आहेत. बरं. आहार, आरोग्य, निगा. लिहून घ्या कुणीतरी.

घरात झोपा काढणाऱ्या कुत्र्याला थंडी म्हणून जास्त खायला घालू नका, नुसतं सुटतं. बाहेर राहणाऱ्याला मात्र जास्त लागतं, थोडं कोमट द्या. आंघोळ महिनाभर नाही घातली तरी चालते, घातलीच तर दुपारी, आणि उन्हात पूर्ण कोरडं होईपर्यंत सोडू नका. म्हातारं कुत्रं सकाळी उठताना आखडतं, त्याला गार फरशीवर झोपू देऊ नका, लंगडत असेल तर डॉक्टरकडे न्या. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. कापूर नको, छातीला चोळायचा बामही नको, त्यातही कापूर असतो. नाक गरम म्हणजे ताप नव्हे. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच. पिल्लू आणलंत तर सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू करा, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर.

गल्लीतल्या कुत्र्यांना ब्लँकेट देऊ नका. दवाने भिजतं आणि ओल्या ब्लँकेटवर झोपणं फरशीपेक्षा वाईट. गोणपाटात भाताचा पेंढा भरा. इगतपुरीकडे कुणी ओळखीचं असेल तर पोतंभर मिळतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि खाली वाका. इंजिनाच्या उबेला कुत्री खाली झोपतात. खंड्याचा चौथा पाय तसाच गेला. गाडी कुणाची होती हे मी सांगणार नाही, ते गृहस्थ आता रोज त्याच्यासाठी पाव आणतात. मांजा. संक्रांत झाली तरी नायलॉनचा मांजा झुडपांत महिनाभर लटकतो, फिरायला नेताना पायांकडे बघा.

आणि शेवटचं, हे नाशिककरांना सांगायलाच हवं. द्राक्षं. कुत्र्याला द्राक्ष चालत नाही. बेदाणाही नाही, मनुकाही नाही. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याला थोडीही भोवतात, आणि आपलं कुठल्या जातीचं ते आधी कळत नाही. त्यामुळे एकही नाही. चुकून खाल्लीच तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर.

आता आभारप्रदर्शन होईल, पण एक अडचण झालीय. सुरुवातीला माझा सत्कार केलात त्या टोपलीत वरच दोन किलो द्राक्षं आहेत. मी तिकडे खुर्चीवरून बघत होतो, छान आहेत, थॉमसन दिसतायत. पण आमच्याकडे खंड्या पिशव्या तपासतो. तेव्हा टोपली इथेच ठेवतो, जाताना मूठ मूठ घेऊन जा. नारळ आणि शाल तेवढी नेतो. शाल ही घेईल, आणि मला साडेदहाच्या आत पोचायचंय.