शिट्टीवरून ओळखलेला खुनी

श्रोतेहो, नमस्कार.

बर्लिनमधल्या एका गरीब वस्तीतलं अंगण. पोरं रिंगण करून उभी आहेत, मधली मुलगी एकेकाकडे बोट फिरवत गाणं म्हणतेय. थांब जरा, तो येईल आणि तुझे तुकडे करील, असं ते गाणं. ज्याच्यावर बोट थांबेल तो बाद. वरून एक बाई ओरडते, "बंद करा ते गाणं!" पण तिची शेजारीण, हातातलं धुणं न सोडता, म्हणते की आवाज येतोय तोवर निदान पोरं आहेत हे तरी कळतं.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'एम' या चित्रपटाची ही सुरुवात. गोष्ट लहान मुलांना मारत सुटलेल्या एका खुन्याची. ११ मे १९३१ रोजी तो बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. लांगचा हा पहिलाच बोलपट. त्या काळी सगळीकडे आवाजाची नवलाई होती, पडद्यावर माणसं अखंड बोलत आणि गात होती. लांगनं मात्र आवाज कुठे थांबवायचा, याचा विचार केला. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कित्येक दृश्यं तर पूर्ण निःशब्द आहेत.

त्या शेजारणीचं नाव फ्राऊ बेकमान. तिची मुलगी एल्सी शाळेतून यायची आहे. घड्याळात बारा वाजतात, आईचा चेहरा उजळतो, ती टेबलावर ताट मांडते. जिन्यात पावलं वाजतात, पण ती दुसऱ्याच मुलांची. वेळ जातो. आई जिन्यात वाकून हाक मारते, "एल्सी!" पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक, माळ्यावर वाळत घातलेले कपडे. पुन्हा हाक, न उष्टावलेलं ताट. मग झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. फुगा तारांत अडकतो, वाऱ्यानं सुटून जातो. खून दाखवलेलाच नाही. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. उरलेलं सगळं आपल्याच मनात घडतं आणि म्हणूनच ते पुसता येत नाही. आजच्या गुन्हेपटांत प्रेतं जवळून दाखवतात, पण त्या रिकाम्या ताटाइतकं मला तरी दुसरं काही हादरवून गेलेलं नाही.

खुन्याची ओळखही आपल्याला आधी कानांनी होते. तो एक धून शिट्टीवर वाजवतो. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग यानं 'पीर गिंट' या नाटकाला दिलेल्या संगीतातली ती धून. भूमिका पीटर लोरेची, पण त्याला शिट्टी वाजवता येत नसे, म्हणून ती आपणच वाजवली असं लांग सांगत असे. पुढे या खुन्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. पोलिसांकडे बोटांचे ठसे आहेत, नकाशे आहेत; आंधळ्याकडे फक्त ती शिट्टी लक्षात आहे. मग त्यानं मागावर पाठवलेला एक पोरगा तळहातावर खडूनं 'एम' काढतो आणि खुन्याच्या खांद्यावर थाप मारून ती खूण उमटवतो. जर्मनमध्ये खुनी या शब्दाचं ते पहिलं अक्षर.

तोवर शहर भीतीनं पिसाटलेलं असतं. एक लहान मुलगी रस्त्यावर एका म्हाताऱ्याला वेळ विचारते. तो बिचारा तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि बघता बघता लोक त्याला घेरतात. हे दृश्य पाहताना मला आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८ रोजी तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावानं ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. लांगच्या बर्लिनमध्ये ती भिंतीवरच्या पत्रकांतून आणि वर्तमानपत्रांतून पसरते. फरक तेवढाच.

पोलिसांच्या रोजच्या धाडींनी गुन्हेगारांचा धंदा बसतो, म्हणून तेच खुन्याला पकडायचं ठरवतात. भिकाऱ्यांना गल्ल्या वाटून देतात. शेवटी त्याला एका बंद पडलेल्या दारूच्या कारखान्याच्या तळघरात आणून खटला चालवतात. इथे लोरे जे करतो ते अभिनयाच्या शाळेत शिकवता येणार नाही. घामेजलेला, बटबटीत डोळ्यांचा तो माणूस किंचाळून सांगतो की मला हे करायचं नसतं, करावं लागतं. कुणीतरी सतत माझ्या मागे असतं आणि तो मीच असतो. ऐकणाऱ्यांपैकी काही जण नकळत मान डोलावतात. आपण त्याच्या फाशीची वाट बघत होतो, आणि लांग आपल्याला त्याचं ऐकून घ्यायला लावतो. त्याला माफ करा असं लांग कुठेही म्हणत नाही. त्या न्यायालयाचा अध्यक्ष श्रेंकर स्वतः तीन माणसं मारल्याबद्दल पोलिसांना हवा आहे. बचावाचा वकील हे तोंडावर सुनावतो, तेव्हा गर्दी हसते.

लांग आणि त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी ही कथा लिहिली, तेव्हा ड्युसेलडोर्फचा खुनी पेटर क्युर्टेन याच्या बातम्या ताज्या होत्या. चित्रपट लागल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याचा शिरच्छेद झाला. नाझींचा प्रचारप्रमुख गोबेल्स यानं 'एम' पाहून रोजनिशीत स्तुती केली. हा चित्रपट देहदंडाच्या बाजूचा आहे, अशी त्याची समजूत. मला तर अगदी उलट दिसतं. पण नाझी सत्तेत आल्यावर त्यांनीच १९३४मध्ये त्यावर बंदी घातली. लांग आणि लोरे त्याआधीच देश सोडून गेले होते. थेआ मागे राहिली, नाझी पक्षात गेली. लांगशी घटस्फोट झाल्यावर तिनं आयी तेंडुलकर या बेळगावकडच्या मराठी पत्रकाराशी संसार मांडला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोरे ज्यू होता. १९४०मध्ये नाझींनी तळघरातलं त्याचं तेच भाषण 'एम'मधून उचललं आणि ज्यूंविरुद्धच्या एका प्रचारपटात घातलं, जणू खुन्याची ती कबुली लोरेची आणि त्याच्या समाजाची स्वतःचीच होती.

'एम'ची नीट दुरुस्त केलेली प्रत आता मिळते, पावणेदोन तासांहून थोडी मोठी. पाहाल तेव्हा कानांना हेडफोन लावून पाहा. नमस्कार.