उलटं धरलेलं पोळं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मायसेनच्या तलवारी’. मायसेन म्हणजे जर्मनीतला चिनी मातीचा जुना कारखाना, आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी ही त्याच्या भांड्यांच्या तळाची खूण. तलवारींकडे येतोच, पण आधी एका पोळ्याबद्दल बोलू द्या. गेली कित्येक वर्षं ते माझ्या डोक्यात घोंघावतंय.

जुन्या चिनी मातीच्या व्यवहारात ‘बीहाइव्ह मार्क’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. ताटली पालथी केली की तळाशी निळं, घुमटासारखं पोळं. आता ती ताटली अर्धी फिरवा. पोळं गेलं, ढाल आली! ऑस्ट्रियाची ढाल, मधे आडवा पट्टा. 1744 साली व्हिएन्नाचा कारखाना सरकारनं घेतला, त्यानंतरची ही खूण. कारखान्याच्या लेखी ती ढालच होती. पोळं दिसलं ते उलटं धरणाऱ्यांना, आणि आपण अजून तेच नाव चालवतोय.

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एक काकू टॉवेलात गुंडाळून अशीच ताटली घेऊन आल्या. गडद लाल काठ, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, मधे गुलाबी गालांच्या तिघीजणी आणि खाली सही, ‘कौफमान’. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, व्हिएन्ना, सतराशे नव्वद, चित्रकर्तीची सहीसुद्धा आहे. मी मधल्या मुलीच्या गालावर भिंग धरलं. गाल ठिपक्यांचा होता! वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे बारीक ठिपके. कुंचल्याचा रंग असा बसत नाही; त्याचा फटकारा दिसतो, कडेला रंग साचतो. हे चित्र छापून चिकटवलेलं होतं. अँजेलिका कौफमान थोर चित्रकर्ती, लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापकांपैकी. त्या 1807 साली वारल्या. ताटल्या त्यांनी रंगवल्या नाहीत, त्यांची चित्रं ताटल्यांवर उतरवली गेली.

मग ताटली पालथी केली. पोळं अगदी रेखीव, छापील, आणि खाली शब्द, ‘ऑस्ट्रिया’. व्हिएन्नाचा कारखाना 1864 साली बंद झाला. मालावर देशाचं नाव घालायची रीत पडली ती अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यामुळे. तो एक शब्दच पुरेसा होता. काकू बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मग ही सही कुणाची?” मला आजही त्याचा राग येतो. ताटली देखणी होती, खऱ्या नावानं विकली असती तरी कुणीतरी हौसेनं घेतली असती.

अस्सल व्हिएन्नाची ढाल बहुतेक वेळा झिलईखाली, हातानं काढलेली, म्हणून थोडी वाकडी. 1783 पासून मातीत सालाचे आकडे दाबलेले सापडतात: 1799 चा कप असेल तर 99, 1802 चा असेल तर 802.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर तलवारी. मायसेन 1710 चं, तलवारी 1722 च्या सुमारापासून, सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या, झिलईखाली कोबाल्टच्या निळ्यात. मुठींमधे टिंब असेल तर साधारण 1763 ते 74. खाली तारा असेल तर कारखान्याचे नंतरचे संचालक मार्कोलिनी यांचा काळ, 1814 पर्यंत. तलवारींवर आडवे चरे घासलेले असतील तर माल दुय्यम ठरवलेला, किंवा रंगकामाशिवाय विकलेला. नुसत्या तलवारींवर मात्र जाऊ नका, इंग्लंडात वूस्टरच्या कारखान्यानंही त्या काढल्या. ‘एआर’ ही मायसेनची दुसरी, जोडाक्षरी खूण, म्हणजे ‘ऑगस्टस रेक्स’, राजा ऑगस्टसची आद्याक्षरं; ती तर ड्रेस्डेनच्या हेलेना वुल्फसन यांच्या कारखान्यानं इतकी वापरली, की मायसेनला कोर्टात जावं लागलं.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की खूण सगळ्यात शेवटी बघा. आधी वजन, मग उजेडासमोर धरून माती, मग बुडाचं कडं, मग भिंगाखाली रंग. पहिल्या रांगेतल्या ताईंनी रुमालात काहीतरी आणलंय. द्या इकडे, सरळच द्या, पालथं करू नका.