पहिला आणि तिसरा शनिवार

(दृश्य : कुटुंब न्यायालयाचं फाटक. आतल्या बाकावर एक माणूस, मांडीवर बुटांचा खोका.)

शनिवार, सकाळचे पावणेअकरा. मुलांच्या कक्षाबाहेर एक बाबा बसलेत. मुलगा पहिलीत आहे. अकरा वाजता आई त्याला घेऊन येईल, वहीत दोघांच्या सह्या होतील, आणि एक वाजेपर्यंत मुलगा बाबांजवळ असेल. आत कॅमेऱ्याला मनाई आहे, आणि ते बरंच आहे. म्हणून आम्ही तुम्हाला नुसता खोका दाखवतोय.

या दोन तासांना कोर्टात 'ॲक्सेस' म्हणतात. बाकीच्या दिवसांना 'ताबा'. हा शब्द आपल्या तोंडी जास्त असतो तो जमिनीसाठी, फ्लॅटसाठी, गाळ्यासाठी. त्यामुळे वकिलासमोर बसल्यावर आईबापांचा प्रश्नही त्याच चालीवर येतो : "पोरगा कोणाला मिळणार?"

कायदा तसं विचारतच नाही. पालक आणि पाल्य कायदा 1890 सालचा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. तरी त्याचं 17वं कलम आजही वाचण्यासारखं आहे. मुलाचं हित कशात आहे ते बघा, असं ते न्यायाधीशाला सांगतं. मुलाचं वय बघा, पालकाचा स्वभाव आणि कुवत बघा, आणि मूल जाणतं असेल तर त्याला काय वाटतं तेही विचारा. हा कायदा सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. त्याच्या जोडीला ज्याच्या त्याच्या धर्माचा व्यक्तिगत कायदाही विचारात घेतला जातो.

हिंदूंसाठी 1956चा वेगळा कायदा आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्या 6व्या कलमाबद्दल. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असं त्यात म्हटलंय. नातेवाईक त्याचा अर्थ काढतात : पाच पूर्ण झाली की मूल बापाचं. असं काही नाही. केकबरोबर ताबा कापला जात नाही. पाचव्या वर्षानंतरही प्रश्न हिताचाच राहतो. आणि पाचच्या आतलं मूल आईकडे नको असं बापाचं म्हणणं असेल, तर ते त्यानं दाखवून द्यायचं. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली हे स्पष्ट केलंय.

याच कलमात नैसर्गिक पालक, म्हणजे मुलाच्या वतीनं सही-निर्णय करणारा, म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असं लिहिलंय. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा बापाची सही मागण्यात आली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1999 साली निकाल लागला : 'त्यांच्यानंतर' म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे. वडील मुलाकडे बघतच नसतील, तर आई त्यांच्या हयातीतही पालक.

(दृश्य : लांब व्हरांडा. फाइल घेऊन जाणारा शिपाई.)

अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या न्यायालयात. म्हणून काही जण आधी मूलच उचलून दुसऱ्या गावी नेतात. हा शहाणपणा अंगाशी येतो. शाळेच्या हजेरीपटावरून मूल कुठलं ते कळतं.

1984च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार आधी समेटाचा प्रयत्न होतो. इथे विवाह समुपदेशक भेटतात. त्यांच्यासमोर एकमेकांची लफडी काढत बसू नका. मुलाला डबा कोण देतं, ताप आला की रात्री कोण जागतं, हे सांगा. न्यायाधीश कधी मुलाशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. घरून पढवून पाठवलेलं मूल तिथे लगेच ओळखू येतं. सात वर्षांचं पोर 'मानसिक छळ' म्हणायला लागलं, की ते शब्द कोणाचे हे सांगावं लागत नाही.

आता अटींचं. परस्परसंमतीनं सुटणारी जोडपी घाईघाईत लिहून देतात : "वडिलांना वाजवी भेट मिळेल." पुढची भांडणं या 'वाजवी'तून निघतात. गणपतीत मूल कोणाच्या गावी, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या? दिवाळीचे कोणते दिवस? मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला पंधरवडा की दुसरा? पोचवायला कोण येणार, स्टेशनवर की दारात? व्हिडिओ कॉल किती वाजता? शाळेच्या पालकसभेला दोघंही बसणार का? लिहिताना हे क्षुल्लक वाटतं, खरं तर लाजही वाटते. तरी तारीख, वेळ, जागा लिहाच.

पोटगी थकली म्हणून भेट अडवायची, भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवायची, हा खेळ जवळजवळ प्रत्येक फायलीत दिसतो. हे दोन हिशोब वेगळे आहेत. तक्रार असेल तर अर्ज करा, वसुली पोरामार्फत नको.

ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो. मूल वाढतं, कोणाची बदली होते, कोणी पुन्हा लग्न करतं. परिस्थिती बदलली की हुकूम बदलून मागता येतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट. मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या 1980च्या हेग करारात भारत नाही. अमेरिकेतून मूल पुण्याला आणलं, की तिथला हुकूम इथे आपोआप लागू होत नाही. इथलं न्यायालय तो विचारात घेतं, पण हिताचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून तपासू शकतं.

(दृश्य : फाटक. दुपारचं ऊन. खोका पुन्हा बाबांच्या काखेत.)

एक वाजून पाच मिनिटं. बूट अकरा नंबरचे होते, गेल्या वर्षीच्या मापाचे. टाच आत गेलीच नाही. मुलगा आईच्या स्कूटरवर पुढे उभा आहे, अजून सपातांमध्येच. बाबा दोन पावलं पुढे येतात.

"नंबर काय त्याचा?"

"बारा. आणि जरा रुंद बघ, करंगळीला लागतात त्याला."

बाबा खिशातून हुकमाची झेरॉक्स काढतात आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतात : बारा, रुंद.